संत्र्याएवढा सूर्य: ग्रहमोहिमा मुलांपर्यंत आणि लोकांपर्यंत कशा पोचवाव्यात

चांद्रयान चंद्रावर उतरलं, हे नागपुरातल्या चौथीच्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्या एका हातात बास्केटबॉल द्या, दुसऱ्या हातात टेनिसचा चेंडू द्या आणि सांगा, "ही पृथ्वी, हा चंद्र. आता खरं अंतर ठेवून दाखव." बहुतेक जण दोन्ही चेंडू हातभर लांब धरतात. शिक्षक आणि पालकही तेच करतात. बास्केटबॉल २४ सेंटिमीटरचा धरला तर टेनिसच्या चेंडूची जागा सव्वासात मीटरवर येते, म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. मधे तीस पृथ्व्या ओळीनं मावतात.

कोणताही कार्यक्रम इथूनच सुरू करा. यानाचं वजन, इंजिनांची संख्या, उपकरणांची नावं हे सगळं नंतर. अंतर अंगात भिनलं नाही तर बाकीची माहिती नुसती पाठ होते. याच बास्केटबॉलवर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये ज्या अंतराळ स्थानकावर राहून आले, त्याची उंची बोटानं दाखवा: चेंडूच्या कातड्यापासून पाऊण सेंटिमीटर. आणि मंगळ? त्याला १३ सेंटिमीटरचा चेंडू लागेल, आणि तो अगदी जवळ आला तरी शाळेच्या फाटकापासून किलोमीटरभर लांब असेल. चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले (१४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३) आणि मंगळयानाला जवळपास ११ महिने (५ नोव्हेंबर २०१३ ते २४ सप्टेंबर २०१४). का लागले, ते आता सांगावं लागत नाही.

संत्रा आणि तीनशे पावलं

सूर्यमाला दाखवायची तर नागपुरात संत्र्यासारखं माप नाही. ७ सेंटिमीटर व्यासाचा संत्रा घ्या. दोरी गुंडाळून घेर २२ सेंटिमीटर भरला की झालं. हा सूर्य. या मापात सूर्यापासून पृथ्वी साडेसात मीटरवर येते, म्हणजे ७५ सेंटिमीटरची बरोबर दहा पावलं. मग हिशेब तोंडपाठ होतो: बुध ४ पावलं, शुक्र ७, पृथ्वी १०, मंगळ १५, गुरू ५२, शनी ९६, युरेनस १९२, नेपच्यून ३००.

पावलं एकाच मोठ्या माणसानं टाकायची. मुलांचं पाऊल पन्नास-साठ सेंटिमीटरचं पडतं आणि उत्साहात वाढतही जातं. अशा पावलांनी शनीची जागा हमखास वीस मीटर चुकते. आदल्या दिवशी टेपनं साडेसात मीटर मोजा आणि दहा पावलांत तेवढंच अंतर कापायची सवय करा.

ग्रह स्वयंपाकघरातून आणा. पृथ्वी आणि शुक्र ०.६ मिलिमीटरचे, म्हणजे रव्याचा एकेक कण. मंगळ त्याच्या निम्मा, म्हणून बारीक रव्यातला सर्वांत लहान कण शोधा. बुध म्हणजे टाचणीच्या टोकानं दिलेला ठिपका. गुरू ७ मिलिमीटर, एखादा टपोरा वाळलेला वाटाणा. शनी त्याहून जरा लहान वाटाणा. युरेनस आणि नेपच्यून अडीच मिलिमीटर, टपोऱ्या मोहरीएवढे. पोस्टकार्डाएवढ्या काळ्या पुठ्ठ्यावर प्रत्येक ग्रह फेव्हिकॉलनं चिकटवा, खाली नाव मोठ्या अक्षरात लिहा, पुठ्ठा काठीला बांधा आणि काठी रेती भरलेल्या पाण्याच्या बाटलीत खोवा. बाटलीत रेती नसेल तर पहिल्या वाऱ्यालाच गुरू आडवा होतो. पांढऱ्या पुठ्ठ्यावर रव्याचा कण दिसतच नाही, म्हणून पुठ्ठा काळाच हवा.

नेपच्यूनसाठी २२५ मीटर सरळ जागा लागते. शाळेचं मैदान बहुधा शंभर मीटरच्या आत संपतं. तिथे शनीवर थांबा आणि पुढचं अंतर बोटानं दाखवा ("तो पाण्याच्या टाकीजवळचा विजेचा खांब, तिथे युरेनस"). रांग वळवून परत आणू नका. वळवली की मुलांना नेपच्यून पृथ्वीशेजारी दिसतो आणि सगळी मेहनत वाया जाते. फुटाळा तलावाच्या काठासारखी लांब, मोकळी जागा असेल तर सकाळी सातच्या आत या. संध्याकाळी तिथे गर्दीत पावलंही मोजता येत नाहीत.

पृथ्वीच्या पुठ्ठ्यावर एक गोष्ट जवळून दाखवायची असते. रव्याच्या कणापासून दोन सेंटिमीटरवर पांढऱ्या पेन्सिलीनं एक बारीक ठिपका द्या. तो चंद्र. माणूस आजवर फार तर या ठिपक्याच्या आसपास जाऊन आलाय. मुलं पुठ्ठ्यावर वाकून ती दोन सेंटिमीटर बघतात, मग मान वळवून पाच पावलांवरच्या मंगळाकडे बघतात. तेव्हा बोलू नका. त्यांना बघू द्या.

नासाचं व्हॉयेजर-१ यान सप्टेंबर १९७७ मध्ये निघालं, अजून चालूच आहे, आणि या मापात संत्र्यापासून सव्वा किलोमीटरच्या आसपास पोचलंय. सूर्याला सर्वांत जवळचा दुसरा तारा याच मापात सुमारे २००० किलोमीटरवर येतो. नागपूरहून रेल्वेनं दिल्लीला जाऊन परत यावं, जवळपास इतका लांब.

प्रकाशाचा वेगही याच मांडणीत दाखवता येतो. या मापात प्रकाश सेकंदाला दीड सेंटिमीटर सरकतो, मुंगीच्या चालीनं. सुरुवातीलाच एका मुलाला घड्याळ आणि खडू द्या आणि सूर्यापासून पृथ्वीकडे दर मिनिटाला ९० सेंटिमीटरवर एक रेघ मारायला सांगा. तुमचं बोलणं चालू राहील. आठ मिनिटं वीस सेकंदांनी तो पृथ्वीच्या पुठ्ठ्याशी पोचेल. विश्वातलं सर्वांत वेगवान ते एवढं हळू चालतंय, हे बघून जी शांतता पसरते ती पुढच्या खेळाला फार उपयोगी पडते.

संत्रा आंबिया बहारात आणि मृग बहारात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल मिळतो. पावसाळ्यात त्याच घेराची मोसंबी घ्या. कार्यक्रम संपला की सूर्य सोलून वाटून खायला हरकत नाही.

उशिरा पोचणारा हुकूम

मंगळावरचा रोव्हर, म्हणजे तिथे फिरणारी यंत्रगाडी, रिमोटच्या गाडीसारखा का चालवता येत नाही, हे सांगून पटत नाही. खेळून लगेच पटतं. मंगळापर्यंत रेडिओ संदेश जायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यानुसार, ३ ते २२ मिनिटं लागतात. उत्तर यायला पुन्हा तेवढीच. नासाचा पर्सिव्हरन्स रोव्हर १८ फेब्रुवारी २०२१ ला उतरला त्या दिवशी संदेशाला अकरा मिनिटांहून जास्त लागत होते आणि वातावरणात शिरून जमिनीवर टेकायला सातच मिनिटं. "वातावरणात शिरला" ही बातमी पृथ्वीवर आली तेव्हा तो खाली टेकूनही झाला होता.

शाळेचा शहाबादी फरशीचा व्हरांडा यासाठी उत्तम. दोन फुटी फरशीची चौकट आयती मिळते. सहा बाय दहा फरशांचा भाग खडूनं आखा, सात-आठ पुठ्ठ्याचे खोके अडथळे म्हणून ठेवा, शेवटी एक "नमुना" (रंगवलेला दगड) ठेवा. पाच जणांचा गट: एक रोव्हर (डोळ्यांवर रुमाल), एक छायाचित्रकार, एक निरोप्या आणि वर्गात बसलेले दोन नियंत्रक, ज्यांना व्हरांडा दिसत नाही. छायाचित्रकार रोव्हरच्या खांद्यापाशी उभा राहून समोरचं चित्र कागदावर काढतो किंवा मोबाइलवर एक फोटो घेतो. निरोप्या तो नियंत्रकांकडे नेतो, पण दारात ३० सेकंद थांबून. नियंत्रक जास्तीत जास्त पाच हुकूम लिहितात. निरोप्या पुन्हा ३० सेकंद थांबतो आणि पाचही हुकूम क्रमानं वाचतो. मधे दुरुस्ती नाही.

हुकूम चारच: एक फरशी पुढे, एक फरशी मागे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. वळणं काटकोनातच. "थोडं पुढे" असं लिहू द्यायचं नाही.

इथे दोन गोष्टी नेहमी बिघडतात. पहिली, बघणारी मुलं ओरडून रोव्हरला सांगतात; त्यांना आधीच "मंगळावर हवा फार विरळ आहे, तुमचा आवाज पोचणार नाही" असं बजावून दोन मीटर मागे बसवा. दुसरी, डोळे बांधलेलं मूल एका फरशीच्या जागी दीड फरशी चालतं. ही चूक सुधारू नका. खऱ्या रोव्हरची चाकंही वाळूत घसरतात आणि मोजलेलं अंतर आणि कापलेलं अंतर जुळत नाही. नियंत्रकांना पुढच्या फोटोतून ते ओळखू द्या. पहिल्या फेरीत गट पाचही हुकूम वापरतात आणि खोक्यावर आदळतात. तिसऱ्या फेरीपर्यंत दोनच हुकूम देऊन फोटो मागवायला लागतात. हे शहाणपण त्यांचं त्यांना सुचलं पाहिजे. मग चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरचं सांगा: चंद्रावर संदेश जेमतेम सव्वा सेकंदात पोचतो, तरी २७ ऑगस्ट २०२३ ला समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचं विवर दिसल्यावर त्याला माघारी वळवून दुसऱ्या वाटेनं नेलं. २६ किलोचा तो रोव्हर सेकंदाला एक सेंटिमीटर चालायचा.

पुरी उतरवा

"अंडं न फुटता खाली टाका" हा प्रयोग प्रसिद्ध आहे, पण अनेक शाळांत अंडं आणता येत नाही, आणि फुटल्यावर वर्ग पुसत बसावं लागतं. पाणीपुरीची पुरी घ्या. स्वस्त, कोरडी, पोकळ आणि धक्क्याला खरोखर नाजूक. पुरी सकाळीच आणलेली, घट्ट डब्यात ठेवलेली हवी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्यावर ठेवलेली पुरी तासाभरात वातड होते आणि मग कुठूनही टाका, फुटतच नाही. सगळे गट यशस्वी झाले तर आधी पुरी दाबून बघा.

चौघांच्या गटाला पुरीसाठी लँडर, म्हणजे जमिनीवर उतरणारं यान, बनवायला द्यायचं सामान: चहाचा कागदी कप १, आइस्क्रीमच्या काड्या ६, ए-४ आकाराचा जाड कागद १, कापसाचे बोळे ५, रबर बँड ४, चिकटपट्टी ३० सेंटिमीटर. वेळ २५ मिनिटं. पुरी कपात मोकळी ठेवायची, चिकटवायची नाही. पॅराशूटला बंदी, कारण चंद्रावर हवा नाही. हे कारण मुलांकडून काढून घ्या. वर्गातली निम्मी मुलं पॅराशूटचंच चित्र काढायला बसलेली असतात.

उंची मनाला येईल ती घेऊ नका. २० सेंटिमीटरवरून पडणारी वस्तू जमिनीला सेकंदाला २ मीटर वेगानं टेकते आणि ४६ सेंटिमीटरवरून पडणारी ३ मीटर वेगानं. चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरचे पाय नेमक्या याच बदलासाठी मजबूत केले होते: आधी सेकंदाला २ मीटर सोसायचे, नंतर ३ मीटर. म्हणून पहिली चाचणी २० वर, दुसरी ४६ वर. यातून जो वाचेल त्याला एक मीटरवरून टाका. चंद्राचं गुरुत्व सहाव्या हिश्शाचं असल्यानं तिथे तोच वेग गाठायला सहापट उंची लागते. आठवी-नववीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यावं.

सपाट फरशीवर जमलं की एक मीटर लांबीची फळी घ्या आणि तिचं एक टोक २१ सेंटिमीटर उचला. हा १२ अंशांचा उतार, विक्रमला झेपणारी मर्यादा. इथे पुरी फुटत नाही, लँडर कलंडतो. गेल्या काही वर्षांत चंद्रावर हेच घडलंय: जानेवारी २०२४ मध्ये जपानचं स्लिम नाकावर उतरलं, पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या एका खासगी कंपनीचं ओडिसियस कुशीवर पडलं. पाय जितके लांब पसरलेले आणि वजन जितकं खाली, तितकं यान स्थिर. उंच, देखणे लँडर बनवणाऱ्या गटांना हे फळीच शिकवते.

हरलेल्या गटाला दुसरी संधी द्या, पण एका अटीवर: एकच बदल करायचा आणि तो का केला हे कागदावर एका ओळीत लिहायचं. दुसरी संधी देण्याइतका वेळ नसेल तर हा प्रयोग घेऊच नका. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर कोसळला. त्यानंतर काय काय चुकू शकतं याची यादी समोर ठेवून पुढचं यान बांधलं गेलं. पाचऐवजी चार इंजिनं, जास्त इंधन आणि उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटरऐवजी ४ बाय २.४ किलोमीटर. पहिल्याच फेरीत पुरी फुटून मूल घरी गेलं तर या सगळ्यातला गाभा त्याच्या हाती लागत नाही.

घमेल्यातली विवरं

विवरांच्या प्रयोगात सगळीकडे मैदा वापरायला सांगतात. मैदा दमट हवेत गोळा होतो, आणि अन्न असं उधळणं अनेक घरांत बरं मानत नाहीत. तो संकोच योग्यच आहे. रांगोळी घ्या. एका घमेल्यात चाळलेली, उन्हात वाळवलेली बारीक रेती पाच सेंटिमीटर, तिच्यावर पांढरी रांगोळी एक सेंटिमीटर आणि सर्वांत वर गडद रंगाच्या रांगोळीचा अगदी पातळ थर, चहाच्या गाळणीनं भुरभुरलेला. थर दाबू नका. घमेलं हलकेच हलवून सपाट करा. दाबलं तर गोटी उसळते आणि विवर उथळ पडतं.

एकच गोटी, साधारण १६ मिलिमीटरची, २५, ५० आणि १०० सेंटिमीटरवरून सोडायची. फेकायची नाही. प्रत्येक उंचीवरून तीनदा, आणि दर वेळी काठापासून काठापर्यंत मोजायचं. उंची चौपट झाली की विवरही चौपट होईल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते दीडपटीच्याही जरा आतच राहतं. आकडे फळ्यावर मांडा आणि कारण विचारा. रेती आजूबाजूला ढकलायला, उडवायला ऊर्जा लागते, आणि विवर रुंदीबरोबर खोलीतही वाढतं. डोळ्यांना गॉगल हवा. रांगोळी डोळ्यात गेली तर खूप चुरचुरते. तोंड घमेल्यावर आणून बघू देऊ नका.

गोटी तिरकी टाकली तर खड्डा लांबट होतो, आणि एखादी हुशार मुलगी विचारतेच: चंद्रावरची सगळी विवरं गोल कशी? तिला सांगा की ही घमेल्याची मर्यादा आहे. खरा अशनी सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगानं येतो आणि आदळताच स्फोटासारखी ऊर्जा सोडतो. स्फोट सगळीकडे सारखाच पसरतो, म्हणून दिशा कोणतीही असो, विवर गोलच होतं. फारच तिरका मारा असेल तरच लांबट.

आता खोलीत अंधार करा आणि टॉर्च घमेल्याच्या काठावर आडवा धरा. प्रत्येक काठाची सावली पडते, विवरं उठून दिसतात. मग टॉर्च वरून धरा: सगळं सपाट. पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्र का फिका दिसतो, हे या अर्ध्या मिनिटात कळतं आणि रात्रीच्या कार्यक्रमाची तिथी ठरवायला मदत होते.

शेजारी गिट्टीचा एक काळा तुकडा ठेवा. पश्चिम नागपूरच्या खालचा, सीताबर्डीच्या टेकडीचा दगड हा बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांत आपण ससा बघतो, तेही बेसाल्टचेच. आपला सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, चंद्रावरचा बहुतेक तीनशे कोटी वर्षांहून जुना. लोणारचं विवर याच दख्खनच्या बेसाल्टमध्ये अशनी आदळून झालं. अशा खडकातली आघात-विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळ अभ्यासणारे शास्त्रज्ञ बुलढाण्याला येतात. लोणार १.८ किलोमीटर रुंद आहे. चंद्रावरचं टायको ८५ किलोमीटर. त्यात नागपूर ते वर्धा अख्खं मावेल. मुलांच्या हातात दगड द्या. चंद्राचा दगड म्हणून नाही, चंद्राच्या दगडाचा भाऊ म्हणून.

दुर्बिणीची रात्र

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो आणि दर वर्षी कुणीतरी त्याच संध्याकाळी आकाशदर्शन ठेवतं. ऑगस्टमध्ये नागपूरचं आकाश ढगांनी भरलेलं असतं, आणि त्याच दिवसांच्या आगेमागे पोळा, तान्हा पोळा, गणपती येतात. त्या दिवशी वर सांगितलेले घरातले प्रयोग घ्या. आकाशदर्शन दिवाळीनंतर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात ढग नसले तरी दिवसभर तापलेल्या गच्चीतून रात्री उशिरापर्यंत गरम हवा वर चढत राहते आणि दुर्बिणीत गुरू पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो.

तिथी शुक्ल सप्तमी ते एकादशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर बघून ठरवा. अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं लांब सावल्या टाकतात. २०२७ च्या फेब्रुवारीत १२ ते १६ तारखा फार चांगल्या आहेत: अंधार पडताच पश्चिमेला शनी, वर अर्धा चंद्र आणि आठ-साडेआठपर्यंत पूर्वेला गुरू आणि मंगळ दोन्ही वर आलेले. मात्र मंगळाबद्दल आधीच खरं सांगा. तेव्हाही तो दहा कोटी किलोमीटरवर असेल; लहान दुर्बिणीत एक छोटी केशरी चकती दिसेल, फोटोतला मंगळ नाही. भलतं वचन दिलं की लोक पुढच्या वेळी येत नाहीत.

सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची; फोकल लांबी १२०० मिलिमीटर) या कामाला पुरते. २५ मिलिमीटरच्या आयपीसनं (डोळ्याजवळच्या भिंगानं) ४८ पट, १० मिलिमीटरच्यानं १२० पट. चंद्र ४८ वर, शनी-गुरू १२० वर. दुर्बीण खोलीतून काढल्यावर पाऊण तास उघड्यावर ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाल्याशिवाय चित्र स्थिर होत नाही. नळीवरची छोटी शोधक दुर्बीण दिवसा उजेडातच दूरच्या टॉवरवर धरून जुळवून ठेवा. अंधारात, रांग लागलेली असताना, हे जमत नाही.

पृथ्वी फिरते म्हणून १२० पटीवर गुरू दीड-पावणेदोन मिनिटांत दृश्यातून बाहेर जातो. दर दुसऱ्या माणसानंतर तो पुन्हा मधे आणावा लागतो, तेव्हा दुर्बिणीशी एक माणूस फक्त याच कामासाठी उभा करा. एका दुर्बिणीवर तासाला पन्नास-साठपेक्षा जास्त लोक होत नाहीत. दोनशे लोक येणार असतील तर दुर्बिणी चार लागतील, किंवा रांगेतल्यांना वर सांगितलेल्या घमेल्यापाशी थांबवा. लहान मुलं नळीला धरून उंच व्हायला बघतात आणि सगळं हलतं. दोन पायऱ्यांचं स्टूल आणि हात ठेवायला पाठ असलेली खुर्ची शेजारी ठेवली की नळीला हात लागत नाही. चष्मा असलेल्यांना चष्म्यासकट बघू द्या. "दिसलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "गुरूच्या कोणत्या बाजूला किती ठिपके आहेत?" असं विचारा. ते चंद्र मोजले की दिसलं. आयपीस ओळखायला, वही बघायला लाल जिलेटिन कागद लावलेला टॉर्च ठेवा. आयोजकांना हॅलोजन बंद करायला आधीच सांगा. आणि मुलींना घरी पोचवायची सोय झाली आहे ना, हे कार्यक्रमाआधी विचारा.

दिवसा ही दुर्बीण सूर्याकडे वळणार नाही याची काळजी घ्या. तोंडावर बसणारा पूर्ण सौरफिल्टर नसेल तर दुपारच्या आत झाकून खोलीत ठेवा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, गडद गॉगल यांपैकी काहीही चालत नाही. शोधक दुर्बिणीवरही झाकण हवंच.

लोक काय विचारतात

शनीसमोर रांगेतले मोठे लोक साडेसातीचं विचारतात, मंगळासमोर पत्रिकेतल्या मंगळाचं. हसू नका, वादही घालू नका. विचारणारी बाई कदाचित मुलीचं लग्न अडलं म्हणून विचारते. दुर्बीण पुढे करा. कडी दिसल्यावर सांगा: ती बर्फाच्या लहान-मोठ्या तुकड्यांची आहे, तो ग्रह सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं घेतो, म्हणून प्रत्येक राशीत अडीच वर्षं दिसतो. मंगळाचं विचारलं तर मंगळयानानं काढलेला अख्ख्या गोळ्याचा रंगीत फोटो छापून ठेवलेला असावा. आपण तिथे यान पाठवून त्याचा फोटो काढून आणलाय, हे वाक्य पुरेसं आहे. पुढचा विचार त्यांचा त्यांना करू द्या.

"एवढे पैसे कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला घोषणेनं उत्तर देऊ नये. काय कळलं ते सांगा. विक्रमवरच्या उष्णतामापकानं चंद्राच्या मातीत खुपसून मोजलं: वर पन्नास अंशांच्या पुढे आणि फक्त आठ सेंटिमीटर खाली उणे दहाच्या आसपास. नागपूरच्या मे महिन्याची दुपार आणि बर्फाचा डबा यांच्यामधे वीतभरही जागा नाही. इतकी वाईट उष्णतावाहक माती तिथे असेल तर उद्या तिथे राहायचं घर तिच्याखाली बांधता येईल का? प्रश्न विचारणाऱ्यालाच विचारा. बहुतेकदा पुढची दहा मिनिटं तोच बोलतो.

तारांगण बघायचं असेल त्यांना गांधीसागराजवळच्या रामन विज्ञान केंद्राची वाट सांगा. घरी चालू ठेवायचं असेल त्यांना स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं ॲप, ते मराठीतही चालतं. मोठ्या विद्यार्थ्यांना इस्रोचं 'प्रदान' हे संकेतस्थळ दाखवा, तिथे चांद्रयान मोहिमांची मूळ माहिती नोंदणी करून मोफत उतरवता येते.

आणि ढग आले तर? ते येणारच, म्हणून चांद्रयान-२ नं टिपलेल्या चंद्रपृष्ठाच्या एखाद्या फोटोच्या ए-३ आकाराच्या दहा प्रती नेहमी पिशवीत असू द्या. दोघा-तिघांत एक प्रत, एक पट्टी, एक लाल पेन. पाच बाय पाच सेंटिमीटरची चौकट आखून तिच्यातली विवरं मोजायला सांगा, मग काळ्या सपाट भागात तशीच दुसरी चौकट. जिथे विवरं जास्त, ती जमीन जुनी. कोणती जुनी, हे प्रत्येक गटानं फोटोवरच लिहून सही करून द्यायचं.